हुल्डाची घंटी

नॉर्थ फोर्क, विस्कॉन्सिन
सोमवार, ३ ऑक्टोबर १९५५

मर्ना,

पाकिटावरचा पत्ता बाबांच्या हातचा आहे, म्हणून तुला वाटेल पत्रही त्यांनीच लिहिलंय. नाही, मीच लिहितेय. बाबांना पत्र लिहायला बसवलं तर ते हवापाणी लिहितात, मक्याचा भाव लिहितात आणि खाली सही ठोकतात.

तुला दिवस गेलेत हे मला सेल्माकडून कळलं. माझ्या बहिणीची मुलगी, तिकडे कॅलिफोर्नियात तुझ्या शेजारच्या गावात राहते म्हणून तिला माहीत. आणि मी तुझी आई, तर मला ते तिच्या पत्रातून कळावं, तेही तिसऱ्या पानावर, तिच्या नव्या फ्रीजचं कौतुक संपल्यावर. नोव्हेंबरात आहे म्हणते. म्हणजे आठवा लागला असेल. मागच्या वेळी जे झालं त्यानंतर तू जपत असशीलच, मी काही शिकवत नाही.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे नवा फोन आलाय, बोटानं चकती फिरवायचा. गेल्या आठवड्यात खोऱ्यातल्या सगळ्या घरांना बसवले. सहा घरांत मिळून एक तार होती ती गेली, आता ज्याची त्याची वेगळी. तू फोनवर काही बोललीस तर ते आता मेबलकडून गावभर व्हायचं नाही. मेबल चोरून फोन उचलायची तेव्हा तिच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक आपल्याला ऐकू यायची, आठवतंय ना? आणि बाबा मुद्दाम म्हणायचे, मेबल, तुझं घड्याळ मागे पडलंय हो.

मी मात्र कधी कुणाचं ऐकलं नाही, हे तूही मान्य करशील. आपली घंटी दोन लांब, एक आखूड. ती वाजली तरच माझा हात फोनकडे जाणार. मेबलची तीन आखूड, हुल्डाची एक लांब. सगळ्यांच्या घंट्या सगळ्यांच्या घरी वाजायच्या, पण दुसऱ्याची वाजली की मी भांडी जोरजोरात घासायला घ्यायची, मनसुद्धा तिकडे जायला नको म्हणून. यावरून मला बायका शिष्ट म्हणायच्या. म्हणोत बापड्या.

फोन बसवायला आलेला माणूस काय काय समजावून सांगत होता. मी नेमके डोनट तळत होते, आणि तळणापाशी उभी असताना मला कुणी शिकवलेलं खपत नाही. त्याच्या हातात गरम डोनट ठेवले आणि वाटेला लावला. त्यात समजायचं काय एवढं? फोन वाजला की उचलायचा.

तर रविवारी दुपारी दोनला फोन कर. बाबा तेव्हा झोपतात, मी स्वयंपाकघरातच असते. तुझ्या नव्या घराचा नंबर तू दिलेला नाहीस, आणि पोटच्या पोरीचा नंबर चौकशीच्या बाईला विचारायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही.

आई

टेबल बरं आहे.

मंगळवार, १८ ऑक्टोबर

मर्ना,

दोन रविवार गेले. दोन्ही रविवारी मी विणकाम घेऊन फोनशेजारी बसले होते, आणि तुला जराही वाटलं नाही.

वाजते ती हुल्डाची घंटी. हुल्डा शेत विकून ऑगस्टमध्येच शहरात लेकाकडे राहायला गेली. तिथं म्हणे कपाटाएवढा टेलिव्हिजन आहे आणि तिचा नातू त्याच्यासमोर बसून पत्र्याच्या ताटलीतलं जेवतो, बाजारातून गोठवून आणलेलं. असो. पण तिच्या माणसांना ती गेल्याचा पत्ताच नसावा. रविवारी दुपारी अगदी तुझ्या वेळेला तिची घंटी सुरू होते, एक लांब, थोडं थांबून परत एक लांब, आणि कितीतरी वेळ चालते. बाबा झोपेतून उठून म्हणाले, उचल आणि सांग ना त्यांना, म्हातारी गेली लेकाकडे. मी म्हटलं, सगळा जन्म नाही उचलला, आता म्हातारपणी चोरी शिकू? ते कूस बदलून झोपले.

बाकी कुणाचे फोन आता वाजतच नाहीत. महिन्याचे दर वाढवलेत ना, सगळ्यांची तोंडं बंद झाली. परवा मेबल अंडी न्यायला आली तेव्हा मलाच म्हणते, थोरा, तू फोन उचलत नाहीस. मी म्हटलं, वाजला तर उचलेन. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

तू का करत नाहीस ते मला कळतं. जुलैतलं अजून तुझ्या मनात आहे.

मग मीही एकदा बोलून टाकते. तू आणि वेंडेल त्या दोन रंगांच्या, शेपटी उभारलेल्या गाडीतून आलात, आम्हाला आनंदच झाला. आम्ही चर्चला गेलो, तू दमलेय म्हणून घरी राहिलीस. परत येऊन बघते तर माझी कोठीची खोली धुतलेली आणि रिकामी. पावाचे पुसून ठेवलेले मेणकागद, सुतळीचे गुंडे, डबे, कोंबड्यांच्या खाद्याची ती फुलाफुलांची कापडी पोती, सगळं खड्ड्यात. जुनं टेबल गोठ्यात. आणि स्वयंपाकघराच्या मधोमध ते पिवळं टेबल, चकचकीत पायांचं, आणि त्याच्यामागे तू टाळ्या वाजवत उभी. वेंडेल म्हणाला, आई, ते दिवस आता परत यायचे नाहीत. देव करो आणि त्याचं म्हणणं खरं ठरो. तुमच्याकडे सगळं भरपूर आहे, कारखान्यात विमानं बनतायत, वर्षाला नवी गाडी येतेय, मान्य. आमच्याकडेही एकदा भरपूर होतं, पोरी. मग एका हिवाळ्यात नव्हतं. तेव्हा तुझा शाळेचा झगा ह्याच पोत्यांचा शिवला होता आणि तू त्यातली फुलं सगळ्यांना दाखवत हिंडायचीस.

पाहुणी म्हणून आलीस, पाहुणीसारखी राहा, असं मी म्हटलं. म्हटलं खरं. तू जेवायलासुद्धा थांबली नाहीस.

टेबल मी बैठकीच्या खोलीत चादरीखाली ठेवलंय. ओरखडा आलेला नाही.

आई

मंगळवार, १ नोव्हेंबर

मर्ना,

सेल्माचं पत्र आलं. डॉक्टरांनी तुला अंथरुणावरून उठायचं नाही म्हणून सांगितलंय आणि पाय सुजलेत, असं लिहिते. पत्र वाचल्यावर मी गोठ्यात जाऊन बाबांना सांगितलं. ते दूध काढत होते, काढतच राहिले, मग म्हणाले, तू जातेस का तिकडे? मी म्हटलं, जी साधा फोन करत नाही तिच्या दारात जाऊन उभी राहू? तिनं तोंड फिरवलं तर परत यायला गाडी कुठली? रात्री त्यांनी आगगाडीचं वेळापत्रक शोधून ताटाशेजारी ठेवलं. मी ते अजून उचललेलं नाही. फेकलंही नाही.

सोबतच्या पार्सलमध्ये गोधडी आहे. तुझ्या हातून काही पोती वाचली होती, कोंबड्यांच्या खुराड्यात होती ती. त्यांचीच केलीय. तुमच्या घरी गरम हवा भिंतीतून येते हे मला माहीत आहे. तरी पांघरूण लागतंच बाळाला.

माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. मी समजू शकते, म्हणजे समजून घ्यायचा प्रयत्न करते. पण वेंडेलला सांग एकदा फोन करायला. नुसतं बरी आहे म्हणू दे आणि ठेवू दे. मी एक शब्द जास्तीचा विचारणार नाही.

रविवारी मी पुन्हा बसले होते. हुल्डाची घंटी वाजली. बुधवारी भरसकाळीसुद्धा वाजली, आणि शुक्रवारी. मी कणीक तिंबत ऐकत होते. एवढा वेळ, इतक्यांदा, उचलत नाही हे दिसत असूनही कुणी तिला करतच राहतं. मला तिचा हेवा वाटला, खरं सांगते. मनात आलं, काय नशीबवान बाई आहे, एवढी माया करणारं माणूस तिला आहे आणि तिला त्याचा पत्ताही नाही. ह्या शनिवारी चर्चची माशांची पंगत आहे, हुल्डा येणार आहे. तिच्या कानावर घालायलाच हवं. तेवढं पुण्य तरी पदरात पडेल.

तू जप. उठू नकोस. भांडी पडून राहिली तर राहू देत.

आई

रविवार, ६ नोव्हेंबर

मर्ना, माझ्या बाळा,

कुठं आहेस तू?

नीट सांगते, नाहीतर तुला काही कळायचं नाही. काल चर्चच्या तळघरात पंगत होती. दरवर्षीसारखीच, लांब टेबलं, लुटफिस्कचा थुलथुलीत मासा, वितळलेलं लोणी, आणि माझ्या हातच्या बटाट्याच्या पोळ्या, लेफ्सा. हुल्डा आली होती, लेकानं घेऊन दिलेला नवा कोट घालून. मी तिच्याशेजारी बसले आणि हळूच म्हटलं, हुल्डा, तुझे फोन अजून आमच्याकडे वाजतात गं, त्या माणसांना तुझा नवा नंबर कळव, रविवारी दुपारी तर फारच वाजतो.

 ती म्हणाली, "अगं थोरा, माझी तार तर केव्हाच काढून नेली. माझा फोन तुझ्या घरात कसा वाजेल?"

मी म्हटलं, एक लांब वाजते, मी काय बहिरी आहे? तिनं हातातला काटा खाली ठेवला.

"आता सगळ्यांची घंटी एकच असते. एक लांब. तुझ्या घरात जी वाजते ती तुझीच."

समोर मेबल बसली होती. ती एवढ्यानं हसली की बायका वळून बघायला लागल्या. मी तुला केवढ्यांदा केला, म्हणाली, शेवटी म्हटलं बाई रागावलीय, जाऊ दे. मग सगळं टेबल हसलं, पाद्र्यांची बायकोसुद्धा. मीही हसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय म्हणायचं. तीस वर्षं ज्या गोष्टीचा तोरा मिरवला तीच अशी अंगावर उलटली, हसतील नाहीतर काय करतील लोक.

हुल्डा तेवढी हसायची थांबली. तिनं माझं मनगट धरलं.

"थोरा, रविवारी दुपारी दोनला कोण करत असेल गं?"

मी ताट बाजूला सारलं. बाबांना म्हटलं, घरी चला. ते अजून वाढून घेत होते, पण माझ्याकडे बघून ताट तसंच ठेवून उठले. गाडीत मी त्यांना सांगितलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मग म्हणाले, मीही ऐकली की गं ती घंटी. एवढंच.

घरी आल्यावर कोटसुद्धा न काढता मी चौकशीच्या बाईला तुझा नंबर विचारला. हो, विचारला. तिनं शोधून दिला, जोडून दिला. तुझ्या घरी वाजत राहिला. तिकडेही तसाच वाजतो, एक लांब, थांबून एक लांब. कुणी उचललं नाही. मी तिला म्हटलं परत करा. तिनं किती वेळा केला, बिचारी एकदाही कुरकुरली नाही. आज सकाळी पुन्हा केला. सेल्माकडेही कुणी नाही, ती रविवारी समुद्रावर जाते.

आज दोन वाजल्यापासून मी इथं बसलेय. हुल्डाची घंटी वाजली नाही. माझी म्हणायला अजून जीभ वळत नाही बघ.

माझ्या पत्रांतून मी तुला फोन कर, फोन कर म्हणत होते, आणि तू करत होतीस. तुला काय वाटलं असेल? की म्हातारी घंटी ऐकत बसते आणि मुद्दाम उचलत नाही. पाय सुजलेले असताना तू तो फोन हातात धरून उभी राहत होतीस. देवा, मी काय करून बसले.

हे पत्र तुला कधी मिळेल, तेव्हा तू कुठं असशील, मला काही माहीत नाही. मिळालं की फक्त वाजव. काहीही वाजलं तरी मी उचलीन. बाबा वेळापत्रक घेऊन बसलेत. बुधवारची गाडी आहे.

आई

सोमवार, १४ नोव्हेंबर

माझी मर्ना,

फोनवर आपण एवढा वेळ होतो तरी मला काही धड बोलता आलं नाही. जन्मभर सहा घरांच्या कानांसाठी बोलले, हवा कशी आहे, गाय व्याली का, बरंय ठेवते. एकाच माणसासाठी बोलायची सवय नाही. म्हणून हे लिहितेय.

मंगळवारी सकाळी वाजला तेव्हा माझे हात लेफ्साच्या पिठात होते. एक लांब. पूर्ण व्हायच्या आत मी उचलला, तसाच. वेंडेल होता. तो एवढं घोगरं बोलत होता की आधी माझा जीवच गेला. मग म्हणाला, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, पण तीन दिवस फार कठीण गेले. नंतर म्हणाला, आई, तुम्ही उचलाल असं मला वाटलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, जावईबापू, ती मोठी गोष्ट आहे, मर्नाला मीच सांगेन. बाबा शेजारी उभे होते. त्यांनी फोन घेतला आणि तिकडची हवा कशी आहे ते विचारलं. मग लगेच माझ्याकडे परत दिला.

आणि काल तू. दोन वाजता. दवाखान्यातून आल्या आल्या.

मला तुझा आवाज वेगळाच वाटला. जुन्या तारेवर सगळे चोरून उचलायचे तेव्हा आवाज खोल जायचा, तू नेहमी विहिरीतून बोलल्यासारखी. काल तू अगदी कानाशी होतीस. तू म्हणालीस, "आई, मला वाटायचं तू घंटी ऐकत बसतेस आणि उचलत नाहीस."

मी म्हटलं, "बसायचेच की. ऐकायचेच."

"मग?"

"मला वाटायचं हुल्डाची."

 तू हसायला लागलीस, आणि हसता हसता कधी रडायला लागलीस ते मला कळलं नाही, कारण माझंही तेच चाललं होतं. वेंडेल मागून विचारत होता काय झालं, काय झालं. टाके ओढतील गं, एवढी हसू नकोस, हे सांगायचं राहिलं.

जोआन थोरा. त्या कोवळ्या पोरीवर माझ्या नावाचं ओझं कशाला टाकलंस? आता बदलू नकोस मात्र.

पिवळं टेबल स्वयंपाकघरात आणलंय. बाबा आणि मी दोघांनी मिळून. ते तर आधीपासूनच चोरून त्याच्यापाशी बसून पेपर वाचायचे, मला चादरीच्या घड्यांवरून कळायचं. आणि मी रोज पुसायची, हे तुला सांगितलं नव्हतं. लेफ्सा लाटायला ते खरंच चांगलं आहे, पीठ चिकटत नाही. हे पत्र त्याच्यावरच लिहितेय. मेणकागद मात्र मी पुन्हा जमवायला घेतलेत, त्यावर वाद नको. तू घरी आल्यावर या असं वेंडेल म्हणाला, म्हणून गेल्या बुधवारची गाडी सोडली; येत्या बुधवारी मी निघतेय. बाबांना गाई सोडवत नाहीत, ते वसंतात येतील. मी महिनाभर राहीन. तुझ्या घरात पाहुणीसारखी राहीन असं मात्र समजू नकोस.

आता एक गोष्ट, जी बाबांनाही सांगितलेली नाही.

काल बोलता बोलता बाळ रडायला लागलं. तू एक मिनिट म्हणालीस आणि फोन कशावर तरी ठेवून गेलीस, आणि विसरलीस. मला वाटलं आता ठेवावा. ठेवायलाच हवा होता. मी नाही ठेवला. आधी तुझ्या सपाता वाजल्या. मग बाळ उगी झालं. नळ सुरू झाला, बंद झाला. वेंडेल काहीतरी वेडंवाकडं गुणगुणत होता, आणि तू त्याला म्हणालीस, ती पोत्यांची गोधडी दे इकडे, तिला तिच्यातच झोप लागते. मग बराच वेळ नुसतं घर ऐकू येत होतं, तुमचं. बाबा दारात आले, मी त्यांना हातानंच थांबवलं. शेवटी वेंडेलच्या लक्षात आलं आणि त्यानं फोन ठेवला.

लांबच्या फोनचं बिल तुमच्या माथी बसेल, त्याला माझा इलाज नाही. अख्ख्या जन्मात मी पहिल्यांदा कुणाच्या घरातलं चोरून ऐकलं, मर्ना, आणि त्या नळाचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

आई